जपानात जयभीम

प्रिय धम्मानंद,

जयभीम. पत्राचा पहिलाच शब्द हा आला म्हणून हसू नकोस. या शब्दाने जपानात माझं काय केलं, ते पुढे येतंच आहे. तू म्हणशील, फोन असताना ही बाई कागद कशाला काळे करते. पण आपला फोन म्हणजे काय असतो रे? बुद्धपौर्णिमेला मी तुला कमळाचं चित्र पाठवायचं, नाताळला तू मला घंटेचं. तब्येत बरी? बरी हाय. पाऊस? न्हाई. संपलं. मला जे सांगायचं आहे ते त्यात मावणारं नाही. शिवाय येत्या रविवारी उपासनेनंतर मला आमच्या पाळकसाहेबांना एका गोष्टीचं उत्तर द्यायचं आहे : जपानला परत, या वेळी दोन वर्षांसाठी, जायचं की नाही. ते उत्तर देण्याआधी तुझ्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

हो, परत. म्हणजे मी एकदा जाऊन आले. जायचं होतं तुला आणि गेले मी, देवाचा न्याय असाच असतो. आमच्या लातूरच्या मंडळीतले आम्ही सातआठ जण होतो. पाळकसाहेब दयानंद, पेटी वाजवणारा मल्लेश, बाकी शाळेतल्या बाया, आणि मी स्वेच्छानिवृत्त नर्स. समुद्राकाठच्या एका गावात एक लहानशी मंडळी विद्यार्थ्यांचं वसतिगृह चालवते, त्यांनी बोलावलं होतं. दोन आठवडे तिथल्या मुलांशी इंग्रजीत बोलायचं, त्यांना आपली गाणी शिकवायची, जेवू घालायचं आणि जमेल तसं प्रभूविषयी सांगायचं, असा बेत. आमचं इंग्रजी उदगीर-औशाचं, त्यांचं पुस्तकातलं. पहिले दोन दिवस दोन्हीकडून नुसत्या मानाच हलत होत्या.

आता तो जयभीमचा प्रकार ऐक. पहिल्या दिवशी सभागृहात गेलो तर चाळीसेक मुलं-मुली एकदम उठून उभी राहिली आणि कमरेतून वाकली. पाळकसाहेबांनी आम्हाला विमानात तीनतीनदा बजावलं होतं की, ही बौद्धांची लेकरं आहेत, त्यांच्याशी अदबीने वागा. माझ्या डोक्यात तेच बसलेलं. आणि तुला आमची उदगीरची गल्ली माहीत आहे. एका दारावर क्रूस, शेजारच्या घरात बाबासाहेबांचा फोटो. लहानपणापासून शेजारच्या कुणीही हात जोडले की तोंडातून काय निघायचं? मी दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, जयभीम! त्या गुणी पोरांना वाटलं, हा पहिला धडा. चाळीस जण एका सुरात ओरडले, जयभीम! मल्लेश पेटीमागे तोंड लपवून हसत होता. पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवसापासून मुलं आम्हाला नाश्त्यालाही जयभीम म्हणायची आणि शेवटी पाळकसाहेबही मुकाट्याने तेच उत्तर द्यायला लागले. दर वेळी मला वाटायचं, हे तू ऐकायला हवं होतंस. वाटायचं कसलं, जीव तळमळायचा.

आणि गंमत म्हणजे ती मुलं बौद्धही नव्हती धड. होनोका नावाची एक मुलगी माझ्या मागेमागे असायची, भाकरी थापायला शिकायची म्हणून. मी नेलेलं ज्वारीचं पीठ निम्मं तिनेच संपवलं आणि तिची एकही भाकरी फुगली नाही. तिला विचारलं, तुझा धर्म कोणता. म्हणाली, आजोबांच्या अस्थी विहारात आहेत, ताईचं लग्न चर्चमध्ये झालं, नव्या वर्षाला गावदेवीसारख्या एका देवळात जातो. आणि तू स्वतः कुणाची? तर हसून म्हणाली, सध्या परीक्षेची. तुझ्या आईने हे ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

पण ज्यासाठी मी हे सगळं सांगते आहे ते पुढेच आहे. तुला मोरीसान आठवतात ना? न आठवून कसं चालेल. भूकंपानंतर किल्लारीजवळच्या त्या छावणीत परदेशातून जी माणसं आली, त्यांतला तो बुटका, चष्मेवाला जपानी म्हातारा. ढिगाऱ्यातून प्रेत काढलं की उचलण्याआधी तो त्याच्यापुढे वाकायचा. म्हातारं असो, तान्हं असो, प्रत्येकापुढे. तू नांदेडहून विहारातल्या पोरांबरोबर आला होतास, मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातली, आणि आपण दोघं ते बघत उभे होतो. तू म्हणालास, "सुवार्ता, जिथं मेलेल्या माणसालाबी वाकून मान देतेत, तो देश एकदा बघायचाच बघ मला. बुद्धाचा माणूस हाय तो." तेव्हापासून तुझ्या तोंडी जपान जे बसलं ते बसलं. तुझी समीक्षा लहान होती तेव्हा तिला जपानचा नकाशा आधी काढता यायचा आणि महाराष्ट्राचा नंतर, असं दिपालीताईच मला एकदा हसत सांगत होत्या.

तर धम्मानंद, तुझा तो बुद्धाचा माणूस ख्रिस्ती होता. ते वसतिगृह त्यांनीच काढलेलं. मरेपर्यंत दर सप्टेंबरअखेर ते लातूरसाठी प्रार्थना करायचे म्हणे, आणि त्यांच्या माघारी मंडळीने ती चालू ठेवली. आम्हाला बोलावणं आलं ते त्यामुळेच. मला हे तिथे गेल्यावर कळलं, जेवणघरातल्या भिंतीवर त्यांचा फोटो पाहिला तेव्हा. आपल्याच छावणीतला फोटो. मागे पत्र्याची शेड, पुढे मोरीसान पाण्याची बादली घेऊन उभे. आणि फोटोच्या अगदी कडेला, चौकटीत जेमतेम मावलेला, एक वर केलेला हात. हातात सलाईनची बाटली. चेहरा फोटोबाहेर. पण मनगटावरचं घड्याळ तबकडी आत वळवून बांधलेलं, आणि तसं घड्याळ बांधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. हातातलं ताट मी तसंच खाली ठेवलं. मी रडले, लपवत नाही. होनोका धावत पाणी घेऊन आली.

मला साक्ष द्यायची होती दुसऱ्या दिवशी, त्याच जेवणघरात. आमच्यात साक्ष कशी असते तुला ठाऊक आहे, प्रभूने आपल्याला कुठे कसं सांभाळलं ते उभं राहून सांगायचं. माझी साक्ष भूकंपाची. ती मी इतक्या घरसभांना दिली आहे की आमच्या बाया ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणू शकतात. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं : शेडमध्ये सलाईन लावायला एकही स्टँड नव्हता, पण परमेश्वराने सोय केली. लोक आमेन म्हणतात, मी पुढे जाते. तिथे मात्र एकेक वाक्य बोलून थांबायचं होतं, जपानी भाषांतर होईपर्यंत. मी म्हणाले, परमेश्वराने सोय केली, आणि थांबले. समोर भिंतीवर तो हात. पुढचं ठरलेलं वाक्य मी सोडून दिलं. मग मी त्या मुलांना सांगितलं की ती सोय म्हणजे नांदेडचा एक पोरगा होता. दिवसभर बाटली धरून उभा राहिला. दुसरा कुणी हात बदलायला आला तर म्हणायचा, "राहू द्या, माझा हात बसलाय आता." त्याचा उजवा खांदा अजूनही पावसाळ्यात धरतो. आणि तोच हा हात, रोज तुम्ही ज्याच्याखाली बसून जेवता. सगळी मुलं मागे वळली. मग काय झालं असेल? वाकली, धम्मानंद. सगळीच्या सगळी, तुझ्या हातापुढे.

पुढचं आपल्या दोघांनाच माहीत असलेलं आहे, ते मी सभेत सांगितलं नाही. छावणी उठली आणि तुझी पत्रं यायला लागली. घरात कळलं. माझे वडील म्हणाले, मुलाने बाप्तिस्मा घेतला तर बोलू. आणि तुझी आई, सरजाबाई, आमच्या उदगीरच्या घरी येऊन ओट्यावर ताठ बसून म्हणाल्या होत्या, "आमी येकदा धर्म बदलला त्यो मानूस व्हायला. आता सुनंसाठी बदलायचा न्हाई. आन तुमच्या लेकीला बी बदल म्हननार न्हाई." मला राग आला नव्हता, आजही येत नाही. दोघंही आपापल्या जागी खरी होती. चहा घेतला, अदबीने निरोप घेतला आणि अहमदपूरच्या एसटीत बसून त्या निघून गेल्या. मी तुझी वाट पाहत राहिले, तू स्वतः येऊन काहीतरी विचारशील म्हणून. तू आला नाहीस. आईचा शब्द मोडणारा तू नव्हतास, आणि तसा असतास तर मला आवडलाही नसतास. मग तुझं लग्न झालं, माझं राहून गेलं. तुझ्या दिपालीताई माझ्याशी नेहमी बहिणीसारख्या वागल्या. त्या गेल्या आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी आले तेव्हा तू फोटोशेजारी बसला होतास आणि तुझी सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात होती. मला ती नीट करावीशी वाटली. चारचौघांत कशी करणार? तशीच बस पकडून लातूरला आले.

त्या साक्षीनंतर होनोका माझ्याजवळ आली. तिने आपल्या फोनमध्ये जपानीत काहीतरी सांगितलं आणि फोन मराठीत बोलला, एखाद्या तहसीलदाराच्या आवाजात : या हाताचे मालक सध्या कुठे राहतात? मला हसू आलं. मी म्हणाले, नांदेडला. तिने लगेच नकाशा उघडला, लातूर शोधलं, नांदेड शोधलं, आणि दोन बोटांमध्ये ते अंतर धरून माझ्याकडे बघत राहिली. मग फोन म्हणाला, एवढ्या जवळ? समुद्र ओलांडून मी तिच्या दारात आले होते, आणि लातूर-नांदेड एसटी तासा-तासाला सुटते.

तिथलं वसतिगृह सांभाळणारं म्हातारं जोडपं आता थकलं आहे. निघताना त्यांनी पाळकसाहेबांकडे शब्द टाकला की सिस्टर सुवार्तांनी दोन वर्षं इथे राहावं, मुलांना घरातलं कुणीतरी मोठं माणूस लागतं. त्यांनी मला खोलीही दाखवली. लहानशी, चटयांची जमीन, खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. पलंग नाही. कपाटात गाद्या घडी करून ठेवलेल्या असतात, रोज काढायच्या, सकाळी आवरायच्या. कपाटात दोन गाद्या होत्या. बाईंनी एक पुढे केली, मग दुसरीवर हात ठेवून माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं. मी म्हणाले, घरी जाऊन कळवते.

तर आता पत्र का लिहिलं ते. मी जावं की नको, हे मी तुला विचारत नाही. रविवारी मी हो म्हणणार आहे, ते माझं ठरलं. मला ती पोरं आवडली आणि होनोकाची भाकरी अजून फुगायची आहे. मी तुला वेगळंच विचारते आहे, आणि वरातीमागून घोडं म्हणून लोक हसले तर हसू देत. माझ्याशी लग्न कर. नोंदणी पद्धतीने होतं, तिथे कुणाला काही बदलावं लागत नाही. सरजाबाईंचा शब्द मोडत नाही, माझ्या वडिलांचाही नाही. तू तुझं वंदन म्हण, मी माझी प्रार्थना करीन, चहा एकत्र घेऊ. पाळकसाहेबांना मी आधीच विचारलं की नवरा बौद्ध असेल तर तिथल्या मंडळीला चालेल का. त्यांनी फोन केला. तिकडून उत्तर आलं, फोटोतला माणूस असेल तर त्याला आम्ही कोण अडवणार? तुझा एक हात तीस वर्षं जपानात राहतोच आहे, आता बाकीचा माणूस तेवढा यायचा आहे. समीक्षाशी बोल, तिला वाईट वाटणार असेल तर मला स्पष्ट सांग, मी समजून घेईन. नाहीतर शनिवारी सकाळच्या गाडीने लातूरला ये, मी स्टँडवर उभी असते. आला नाहीस तर रुसणार नाही, नाताळची घंटा तेवढी पाठवत जा. पण रविवारी दुपारपर्यंत मला त्या बाईंना एवढंच कळवायचं आहे, कपाटातली एक गादी काढायची की दोन्ही.

स्टँडवर वाट पाहणारी,
तुझीच
सुवार्ता