सान्यालबाबूंची बाजू

फ्रीगंज, उज्जैन
८ जुलै २०२४

चि. मधुरा हिला आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाकीट काल पोचलं. डाकिया म्हणे किती वेळ दार वाजवत होता, मला काही पत्ता नाही. शेवटी शेजारच्या विनोदिनीने खिडकीतून हात हलवला तेव्हा मी उठली. वाटलं, बँकेचा काही कागद असेल. बघते तर तुझं अक्षर. दोनदा वाचलं, तोवर भात लागला. तो उतरवून तिसऱ्यांदा वाचलं.

फोनवर आपलं आता जमत नाही हे तुझ्या लक्षात आलं, छान झालं. सुमीत, तुझा बाबा, दर रविवारी फोन करतो आणि मी सगळ्याला हो म्हणते. मागे सुमीतने विचारलं, आई पडलीबिडली तर नाहीस ना, त्यालाही मी हो म्हटलं. दहा मिनिटांत डॉक्टर दारात. कानातलं मशीन लावलं तर भांडी तेवढी मोठ्याने वाजतात, माणसं तशीच राहतात. म्हणून ते डबीत ठेवलंय.

तर तुला पुण्याच्या कॉलेजात संगीतकार सौरभ सान्याल यांच्यावर निबंध लिहायचाय, आणि सिनेमावाल्यांनी डोक्यावर घेतले तरी ते खरे थोर नव्हते असं दाखवायचंय. आजोबा त्यांना एवढं का मानायचे, हे मला विचारतेस. अगं, तुझ्या आजोबांसमोर हे बोलली असतीस तर ते जेवणावरून उठले असते. सान्यालबाबूंचा सिनेमा लागला की पहिला खेळ बघायचा, मग टावर चौकात कचोरी खायची आणि ती खाताना मला चाल समजावून सांगायची. मी चौथी शिकलेली, मला काय कळायचं? मी कचोरी खायची.

पण आता ते नाहीत, तर त्यांच्यातर्फे कोणीतरी बोलायला नको का? मी बोलते. पहिला मुद्दा लिहून घे. रामघाटावर संध्याकाळी लाउडस्पीकरवर जे भजन लागतं, त्याची चाल सान्यालबाबूंच्या होडीच्या गाण्याची आहे. लाउडस्पीकर तेवढा मला अजून ऐकू येतो. म्हणणाऱ्या बायांना सान्याल कोण ते ठाऊकसुद्धा नाही. माणसाचं नाव गळून पडावं आणि चाल देवापर्यंत जावी, याहून मोठं काय असतं?

उत्तर दे. तिकडे ऊन-पाणी सांभाळ. आशीर्वाद या पत्रात मावले तेवढे घातलेत.

तुझी
आजी


पुणे
२० जुलै २०२४

ति. आजीस मधुराचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र हॉस्टेलवर आलं तेव्हा सगळ्या जणी गोळा झाल्या. टपालाने पत्र येणारी मी इथे एकटीच आहे. कचोरीचं मी दोघींना वाचून दाखवलं, तर त्या तुझ्याच पक्षात गेल्या.

पण आजी, भजनाचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. ती चाल सान्यालांची नव्हतीच. ती बंगालच्या नावाड्यांची जुनी चाल, त्यांनी उचलली. म्हणजे देवापर्यंत गेले ते नावाडी. दुसरं, गाण्याआधी जे व्हायोलिन ऐकून आजोबा डोळे मिटायचे, ते सान्यालांचे सहायक लिहायचे. नाव मात्र पडद्यावर एकट्या सान्यालांचं. आणि तिसरं, एकच मुखडा थोडा इकडेतिकडे करून त्यांनी तीन सिनेमांत वापरलाय. मी तिन्ही मांडून दाखवू शकते.

आता बोल. मेसमधलं वरण पातळ आहे, बाकी मी ठीक. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र लांबलचक लिही.

तुझी
मधुरा


फ्रीगंज, उज्जैन
१ ऑगस्ट २०२४

चि. मधुरेस, आजीचा हात डोक्यावर समज. वि. वि.

फार शहाणी झालीस. तुझं पत्र घेऊन मी विनोदिनीकडे गेली, मग किराणावाल्या रमेशला ऐकवलं. तो म्हणाला, अम्मा, लडकी तो वकील निकलेगी. दहा दिवस उत्तर जुळवत होती मी. भाजी चिरताना एखादा मुद्दा सुचला की हात धुऊन आधी कॅलेंडरवर लिहायची.

चालीचं म्हणशील तर नावाडी हजार वर्षं गात होते, तुझ्या आजोबांपर्यंत कोणी आणली? आणि सहायकांचं मला सांगू नकोस. मी भैरवगढला चादरी घ्यायला जायची तेव्हा बघितलंय. ठप्पा कोरणारा एक, कापडावर मारणारा दुसरा, रंगात बुडवणारा तिसरा. पण फूल कुठे बसवायचं आणि कुठे कापड कोरं सोडायचं, ते एक म्हातारा बाजूला बसून सांगायचा. ठप्प्याला हात लावायचा नाही. चादर त्याचीच म्हणायची.

एकच मुखडा तीनदा वापरला म्हणतेस. तुझ्या पणजीच्या चकलीची भाजणी सगळ्या मोहल्ल्यात गाजलेली. तीस वर्षं ती मी भाजली, नाव सासूबाईंचं. दर दिवाळीला तीच भाजणी. कोणी म्हटलं नाही की मागच्या वर्षी हीच होती.

आता यावर काय म्हणतेस ते सांग. व्हायोलिनवाल्यांचं अजून खूप लिहायचंय मला, ते पुढच्या वेळेला. लवकर लिही, मुद्दे शिळे होतात.

तुझी भांडखोर
आजी


पुणे
१६ ऑगस्ट २०२४

ति. आजीस नमस्कार. वि. वि.

घाईत लिहिते आहे. परवा बाबाला आपल्या भांडणाचं सांगितलं तर तो माझ्यावरच चिडला. म्हणाला, आजोबांच्या आवडीची एवढी एक गोष्ट तिच्याजवळ उरली आहे, तीही तू खोडायला निघालीस, तिला काय वाटत असेल. मला फार अपराधी वाटलं. मी हे फक्त चर्चेसारखं घेत होते.

तेव्हा आजी, मी हरले. भैरवगढच्या म्हाताऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. सान्याल थोर होते. निबंधाचा विषय मी बदलून घेतला आणि नवा काल देऊनही टाकला. आता परीक्षा आहेत. यापुढे तुला या विषयावरून त्रास देणार नाही.

औषधं वेळेवर घे.

तुझी
मधुरा


फ्रीगंज, उज्जैन
९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सुलूस, तुझ्या ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तू रतलामहून गणपतीला बोलावलंस, पण गुडघा बसमध्ये बसू देत नाही. इथे गणपती बसवला. आरती एकटीच म्हटली. मीच म्हटली आणि मलाच ऐकू आली नाही. बाप्पाला आली असेल.

तुला म्हटलं होतं ना, मधुराशी माझी पत्रांतून लढाई चाललीय. ती मी जिंकली. जिंकली त्याला आज चोवीस दिवस झाले आणि डाकपेटीत विजेच्या बिलाशिवाय काही पडलं नाही.

कोणाला बोलू नकोस, तुला म्हणून सांगते. सान्यालबाबूंची गाणी मला कधी विशेष आवडलीच नाहीत. ती ह्यांची आवड. पोरगी म्हणाली थोर नाहीत, तर मी म्हटलं थोर आहेत, कारण मी पण नाहीत म्हटलं असतं तर पत्र तिथेच संपलं असतं. दीड महिना कसा गेला कळलं नाही बघ. सकाळी उठायला काही काम होतं. आणि सुमीतला वाटलं मला दुखलं. भल्या मनाने त्याने भांडण मिटवलं. आता त्याला कसं सांगू, बाबा, मिटवायला नको होतंस.

तुझ्या घरी जयू, अनय, सगळे आरडाओरडा करतात म्हणून तू कंटाळतेस. करू दे गं. लोभ ठेवतेस तसाच ठेव, थोडा जास्त चालेल.

तुझी
ताई


फ्रीगंज, उज्जैन
१२ सप्टेंबर २०२४

चि. मधुरास आजीचे आशीर्वाद, परीक्षेसाठी वेगळे. वि. वि.

तू हरलीस असं लिहिलंस, पण मी खूप विचार केला. चूक माझीच होती. सान्यालबाबू थोर नव्हते. उगाच नाही म्हणत, पुरावा देते.

बाहेरचं ऐकू येईनासं झाल्यापासून गाणी डोक्यात लावते मी. परवा दुपारी होडीचं गाणं लावलं. मुखडा आला आणि पुढे अंतरा येईचना. वाट बघून बघून चहा गार झाला. आईच्या ओव्या मला शेवटपर्यंत येतात. शाळेतले पाढे येतात. मग एवढं थोर संगीत अर्ध्या वाटेत सोडून जातं कसं?

आणि जेवढा मुखडा आला तोही सान्यालबाबूंचा नव्हता. तो आला तुझ्या आजोबांच्या आवाजात. सूर चढलेला, मधेच खोकला, दाढी करताना म्हणायचे तसा अर्धा साबणाच्या तोंडाने. व्हायोलिन बिलिन काही नाही. पन्नास वर्षं मी तेच ऐकलं. आता त्यातून तो खोकला काढला, साबण पुसला, तर सान्यालबाबूंचं म्हणून काय उरतं, ते मला एकटीला ठरवता येत नाही. म्हणून मी तुझ्या बाजूला आली.

पण मग त्यांच्या बाजूला कोणीच राहिलं नाही. आजोबा नाहीत, मी सोडलं, तू तर विषयच बदललास. हे काही बरं दिसत नाही. तेव्हा आता तू त्यांच्याकडून भांड. तू शिकलेली आहेस, व्हायोलिन कोणी लिहिलं, कोणी वाजवलं, सगळं ठाऊक आहे तुला. निबंध दिला तर दिला. मला कुठे मार्क द्यायचेत?

बाबाला सांग, तुझ्या कुठल्याही मुद्द्याने मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते एकाच ओळीचं, यापुढे त्रास देणार नाही म्हणालीस त्याचं.

अंतऱ्यांचे शब्द शोधून पाठव. एका पत्रात एकच कडवं पाठव, सगळं एकदम नको. आणि या खेपेला आजी म्हातारी आहे म्हणून सोडून देऊ नकोस, चांगलं खडसावून लिही.

तुझ्या रागाची वाट बघणारी
आजी