सेइजीचं लग्न झालंय

शिमोझावा, १२ जून

चि. चिगुसाला तोमेयो आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं चित्रकथेचं पुस्तक पोचलं. चेरीची तोडणी चालू आहे, बोटांना डाग पडलेत, म्हणून तीन दिवस कपड्यात गुंडाळून ठेवलं होतं. काल पाऊस लागला, काम थांबलं, तेव्हा शेजारची कात्सु आणि मी एका बैठकीत अख्खं वाचून काढलं. मी चौथीनंतर शाळेपेक्षा शेतातच जास्त होते हे तुला ठाऊक आहे, पण अवघड अक्षरांच्या बाजूला तुम्ही ती बारीक सोपी अक्षरं छापता ना, त्यामुळे मला सगळं वाचता आलं. न आलं असतं तर बरं झालं असतं.

शी गं चिगुसा. माझ्या नातीने हे काढलं? शाळकरी पोरगी, नात्सुमे, बरी दिसणारी, अभ्यासात हुशार, आणि तिचं प्रेम कोणावर, तर वर्गातल्या मेलेल्या पोरावर, जो पुरल्यावर उठून परत शाळेत आला. तो डबा उघडतो. भातावर मधोमध खारवलेलं लाल उमेचं फळ, आणि शेजारी त्याचाच गळून पडलेला कान. ती बया तो कान नळाखाली धुते आणि शिवणाच्या तासाच्या सुईने पुन्हा शिवून देते. आणि तीच सुई परत पेटीत ठेवते. निदान उकळून तरी घ्यायची. मग ते चुंबन. तोंड बाजूला केल्यावर हिच्या जिभेवर त्याचा दात. आणि ही तो रुमालात बांधून उशाखाली ठेवते. कात्सुने हातातला तोफू खाली ठेवला, मला मळमळलं, आणि मग आम्ही दोघींनी एकदमच पान उलटलं.

मला त्या पोराला मेल्या म्हणून चार शिव्या द्यायच्या होत्या, पण मेल्याला मेल्या म्हणून काय उपयोग, तो तर आहेच.

एक सांगते. तू लिहिलंयस की त्याच्या अंगाला पावसाचा वास येतो. बाई गं, मी या घरातली चार माणसं गेल्यावर स्वतःच्या हाताने पुसून कपडे घातलेत. उन्हाळ्यात तर सासरे गेले तेव्हा मी आठ दिवस भोपळ्याची भाजी खाऊ शकले नव्हते. भोपळ्याचा काय संबंध ते विचारू नकोस. पावसाचा वास म्हणे.

तर पुढचा भाग कधी येतो ते कळव. कात्सु रोज विचारते. तिला सांगितलंय की मला अजिबात आवडलेलं नाही. चेरीची पेटी वेगळी पाठवली आहे, वरचा थर आधी खा, खालचा थोडा कच्चा आहे. फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा लिहीतच जा.

कळावे. लोभ आहेच, तू जेवून-खाऊन तो वाढवावा.
तोमेयो आजी

तोक्यो, २० जून

ती. आजीस चिगुसाचा वाकून नमस्कार, वि. वि.

चेरी मिळाल्या. तुझं पत्र मी मासिकाच्या कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसून लोळले, आणि आमचे संपादक कानबारासान म्हणाले की ज्या पुस्तकाने ऐंशी पार केलेल्या बाईला एकाच वेळी ओकारी आणि उत्सुकता येते ते वाया गेलेलं नाही.

पण आजी, बातमी तशी चांगली नाही. दर महिन्याला वाचक मुली आवडत्या गोष्टीची कार्डं पाठवतात, त्यात आपण खालून तिसरे आहोत. बाराव्या भागात गोष्ट संपवायची असं ठरलंय. कानबारासानना शेवट रडवणारा हवा आहे. नात्सुमे मरते आणि त्या मुलाची नवरी होते. शेवट जमला तर पहिल्या पानावर रंगीत चित्र देणार आहेत, आणि पुढची मालिकाही माझीच. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या चित्रांमागची झाडं आणि खिडक्या काढत होते. रंगीत पान म्हणजे काय ते तुला कसं सांगू.

लग्न कसं दाखवायचं ते मला लगेच सुचलं. त्यांना मी आपल्याकडच्या मुकासारीबद्दल सांगितलं, की लग्नाआधी गेलेल्या मुलाचं लग्न आईबाप चित्रात लावतात आणि ते चित्र देवळात टांगतात. तोक्योच्या माणसाने हे कधी ऐकलेलं नव्हतं. ते खुर्चीतून उठलेच. लहानपणी तू मला वरच्या देवळात नेलं होतंस तेव्हा अशी चित्रं पाहिल्याचं आठवतं, पण नवरीचं डोक्यावरचं कापड कसं होतं, पुढ्यात काय मांडलं होतं, ते काही आठवत नाही. जरा सविस्तर लिही ना.

आणि एक कबुली. तो मुलगा कोणावरून काढला ते तू ओळखलं नाहीस याचं मला आश्चर्य वाटलं. आपल्या घरच्या देव्हाऱ्यावरचा, शाळेच्या टोपीतला फोटो. एक कान टोपीबाहेर आलेला. लहानपणी मी त्याला घाबरायचे आणि तरी रोज बघायचे.

पंधरा जुलैला पानं द्यायची आहेत. रागावू नकोस.
तुझी लाडकी (अजून आहे ना?),
चिगुसा

शिमोझावा, २५ जून

चि. चिगुसाला आशीर्वाद. बाकी मायना नंतर.

तुझं पत्र वाचून मी उठून चष्मा लावून देव्हाऱ्यापुढे गेले. खरंच तो कान. साठ वर्षं रोज त्याच्यापुढे भात ठेवते आणि मला ओळखू आला नाही, कारण आमचा सेइजी कुजलेला कुठे होता. चिगुसा, हा तुझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. माझा दीर, तुझा चुलत आजोबा. त्याच्या तोंडात तोंड घालून तू दात काढलास. मला आता दुसऱ्यांदा मळमळतंय आणि या वेळी जास्त. मी उदबत्ती लावून त्याची माफी मागितली. कात्सुला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला उचकी लागली, तिच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

दुसरं असं की सेइजीचं लग्न झालंय. पासष्ट वर्षं होत आली. तो लग्नाचा माणूस आहे आणि तू त्याला शाळकरी पोरींच्या मागे फिरवतेस.

तुला चित्राची माहिती हवी ना, मग ऐक, मी तिथे होते. म्हणजे होते आणि नव्हते. सेइजी सतराव्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेला, मी या घरात येण्याआधी. तो असता तर बावीसचा झाला असता त्या वर्षी सासूबाईंनी चित्रकाराला बोलावलं. मी नवी सून, वीस वर्षांची, चहा घेऊन गेले तर सासूबाई ओरडल्या. चित्रकाराची नजर माझ्यावर पडेल आणि हात आपोआप माझा चेहरा काढेल अशी त्यांना धास्ती. मला मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसवलं, वर तोंडावर टॉवेल. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी मी टॉवेलाखाली मुळ्याचं लोणचं खात होते, त्याचा कुरकुर आवाज आत गेला आणि चित्रकार हसला म्हणून परत बोलणी खाल्ली.

कारण मुकासारीत एकच गोष्ट करायची नाही, चिगुसा. मेलेल्याच्या शेजारी जिवंत माणसाचा चेहरा काढायचा नाही, जिवंताचं नाव लिहायचं नाही. मेलेला त्याला घेऊन जातो. नावासाठी देवळातल्या भिक्षूंनी गावातल्या सगळ्या बायकामुलींची नावं पाहिली आणि शेवटी नामिए ठेवलं. नामिए म्हणजे लाटांवरचं नाव. आम्ही डोंगरातले, समुद्राचं नाव कोण ठेवणार, म्हणून ते बिनधोक.

आता तू सांग, नात्सुमेच्या कपाळावर डावीकडे केसांचा भोवरा आहे, पाणी लावलं तरी उभा राहणारा. तो मी कोणाच्या कपाळावर तिच्या जन्मल्या दिवसापासून पाहिलाय? नाक कोणाचं? हसताना खालचा ओठ दुमडायची खोड कोणाची?

ते चित्र काढू नकोस. मायना राहिला तो राहिला.
आजी

तोक्यो, २ जुलै

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. टॉवेल आणि लोणच्याला हसले, मग हसू आलं नाही.

हो, तो माझा चेहरा आहे. सुरुवातीला टेबलावर आरसा ठेवून काढत होते, कारण रागाचा चेहरा, रडका चेहरा, सगळे ताबडतोब आणि फुकट मिळतात. पण खरं सांगायचं तर त्या मुलाशी बोलायला दुसरं कोणाला बसवावंसं वाटलंच नाही. आजी, इथे मी दिवसच्या दिवस कोणाशी बोलत नाही. दुकानातली बाई पिशवी हवी का विचारते, तेवढंच. तो मुलगा कुजका असेल, पण नात्सुमे बोलते तेव्हा ऐकतो. तिने मरून त्याच्याकडे जावं असं कानबारासान म्हणाले तेव्हा मला ते चुकीचं वाटलं नाही. हे तुला लिहायला नको होतं, पण लिहिलं.

आता चेहरा बदलता येत नाही. अकरा भाग मुलींनी हीच नात्सुमे पाहिली आहे. संपादक म्हणतात की कागद आहे, कागद कोणाला नेत नाही. रंगीत पानाचं पेन्सिलचं काम झालंय. त्यात ती त्याच्या शेजारी बसली आहे. फक्त शाई भरायची राहिली.

तब्येतीला जप.
चिगुसा

शिमोझावा, ५ जुलै

चि. चिगुसाला तोमेयो आजीचे आशीर्वाद, हात हातात घेऊन, वि. वि.

पत्र आलं तशी देवळात गेले. दोनशे बारा पायऱ्या आहेत, कात्सुने मागून ढकललं. (बोलणं सुरू केलंय.) सेइजी आणि नामिए तिथेच आहेत, रंग उडालाय. नामिएचं नाक जरा वाकडं आहे, हे मी पूर्वीही म्हटलं होतं, चित्रकाराने लोणच्याचा सूड उगवला.

तिथे बसून सासूबाई आठवल्या. बाई कडक. माझ्याशी गोड बोलल्याचं मला एकदाच आठवतं. चित्र पुरं झालं त्या दिवशी त्यांनी स्वतः माझ्या तोंडावरचा टॉवेल काढला. त्या पाच वर्षं रोज सेइजीच्या वाटचा भात वाढून, थंड झाल्यावर रडत स्वतः खायच्या. तो एकटा आहे या विचाराने त्यांना झोप लागत नसे. चित्रकार हाताचा कसबी, तो म्हणाला होता की अनोळखी चेहऱ्यात जीव येत नाही, घरातली एखादी मुलगी समोर बसवा, चित्र बोलेल. सासूबाईंनी मला हे सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "मी त्याला सांगितलं, चित्र मुकं राहू दे. माझा पोरगा एकटा राहिला तरी चालेल, पण दुसरीची पोर त्याच्या शेजारी बसवायची नाही."

ज्या आईने हे म्हटलं ती त्याच्यावर तुझ्या नात्सुमेपेक्षा जास्त प्रेम करत होती. कागद नेतो की नाही मला ठाऊक नाही, मी अडाणी बाई. पण तू लिहिलंस की तुला ते चुकीचं वाटलं नाही, तेव्हा मला वाटलं की निम्मं तर नेलंय.

मला गोष्टी रचता येत नाहीत. पण मी असते तर नात्सुमेला पायऱ्या चढून देवळात पाठवलं असतं आणि ते चित्र दाखवलं असतं. बघ म्हणावं, याची बायको आहे. वाकड्या नाकाची का होईना, आहे. पोरीला असा राग येऊ दे की त्याचा खरा वास, पावसाचा नव्हे, मढ्याचा, आपोआप कळेल.

आणि पानं दिलीस की इकडे ये. पीचची तोडणी आहे, बोलायला माणसं कमी पडणार नाहीत, गप्प बसवायला पडतील.

तू येईपर्यंत लोभ साठवून ठेवते.
आजी

तोक्यो, १६ जुलै

ती. आजीस नमस्कार, वि. वि.

पानं दिली. रंगीत पान फाडलं. नात्सुमे पायऱ्या चढते, चित्र बघते, आणि मागे उभ्या असलेल्या त्याला सगळं ऐकवते, सहा पानं. शिव्या तुझ्याच आहेत. मग ती देवळाच्या नळावर खळखळून चूळ भरते आणि एकटी पायऱ्या उतरते.

कानबारासान पानं चाळून म्हणाले की हे कोणालाच रडवणार नाही. रंगीत जागा दुसऱ्या मुलीला दिली. पुढच्या मालिकेचं ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. शेवटचं पान तुला सांगत नाही. अंक पोचेल तेव्हा बघ.

मी २८ तारखेच्या दुपारच्या गाडीने येते.
चिगुसा

शिमोझावा, २४ जुलै

चि. चिगुसाला आशीर्वाद आणि एक धपाटा, वि. वि.

अंक आला. चूळ भरलेली पाहून कात्सुने टाळी वाजवली. पण भिक्षू हात धुतात त्या नळावर थुंकली ही पोर, शी, हे मात्र शोभलं नाही.

आणि ते शेवटचं पान. खाली लिहिलंय, पासष्ट वर्षांनंतर. अख्ख्या पानावर एक म्हातारी, चेरीच्या झाडाखाली पेटीवर बसलेली, तोंडात घास. कपाळावर भोवरा, पांढरा. बाकी सगळं तोंड माझं. तुझं म्हातारपणीचं तोंड आरशात दिसेना म्हणून माझं उचललंस ना? हनुवटीवरचा केससुद्धा सोडला नाहीस. गळ्याची कातडी तर कोंबडीची. मेलेल्या पोराचा कान पडला तेव्हा जेवढी किळस आली नाही तेवढी मला स्वतःला बघून आली. कात्सु म्हणते हुबेहूब आहे. तिच्याशी पुन्हा बोलणं बंद.

त्या म्हातारीच्या शेजारी कोण बसलंय ते मी भिंगाने पाहिलं. कोणी नाही. नुसतं गवत.

पान कापून भिंतीला लावलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते की ही माझी नात, ऐंशी पार केलेली. गाडीतून उतरलीस की आधी पोटभर जेव. लोभ तुझ्या वाटचा ताटात वाढून ठेवलाय.

तोमेयो आजी