नको म्हटलेला फोटो

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. मालवीय नगरच्या सगळ्या गच्च्यांवर पतंग, आरडाओरडा. ह्यांची खुर्ची खिडकीशी नेली. त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही. मीही नाही पाहिलं. तिळगूळ केला नाही.

२० जानेवारी

तेच. दाढी, लापशी, गोळ्या, व्यायाम. ह्यांना पक्षाघात होऊन पाच महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सुधारणा आहे, डॉक्टर म्हणतात. असेल.

९ फेब्रुवारी

ऋचाने आज बळेच बाहेर काढलं. ‘आई, दोनच तास! मतलब, नुसतं बघायचं.’ ह्यांच्यापाशी शेजारच्या प्रभावतीबाई बसल्या. पोरीच्या झालान्यातल्या ऑफिसजवळ फोटोंचं प्रदर्शन – सगळे आजचे, तरुण फोटोग्राफर. मला वाटलं, किल्ले आणि उंट असतील. तर सांभरच्या मिठागरातल्या बायकांचे पाय! नुसते पाय. भेगांत मीठ.

पुढे एक अख्खी भिंत. एका मुलीने स्वतःच्या आजारी आईचे काढलेले. गोळ्यांचा डबा. उशीतला खळगा. आंघोळीचं स्टूल – आमच्यासारखंच! पाहुणे आले की मी ते लपवते. आणि इथे भिंतीवर.

काही वाटलं असं नाही. पण पाय हलेनात.

एका फोटोत फक्त तळहात. अंधूक, पुढे आलेला. फोटो काढणारी अमिता तिथेच होती. म्हणाली, ‘आंटीजी, यहाँ माँ ने मना किया था। फिर दो महीने कैमरा नहीं उठाया।’ मग? ‘फिर खुद बोलीं – चल, अब ले।’

आता आई कशी आहे, विचारायला धीर होईना. तरी विचारलं. तिने कोपऱ्याकडे बोट केलं. शाल गुंडाळून एक बाई चहात बिस्कीट बुडवत होत्या.

११ फेब्रुवारी

दाढी करताना मोबाइलवर ह्यांचे तीन फोटो काढले. फेस, वाटी, हनुवटी. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

विचारलंच नव्हतं मी! इतके महिने काहीच विचारलेलं नाही – उठवते, बसवते, पुसते. ‘चुकलं माझं,’ म्हटलं. त्यांच्यासमोर तिन्ही काढून टाकले. मग मोबाइल त्यांच्या डाव्या हातात दिला. ‘हवा तर तुम्ही काढा.’ आणि भात लावायला गेले.

१५ फेब्रुवारी

पंखा. छत. स्वतःचा गुडघा. परत पंखा. ऋचा म्हणते, ‘मस्त आहेत, बाबा!’ नाहीत मस्त. पण दुपारी चहा झाला की मोबाइलसाठी हात पुढे करतात.

१७ फेब्रुवारी

अंग दुखतंय. काही लिहायचं नाही.

१९ फेब्रुवारी

आजचा फोटो हललेला नाही. मी कपड्यांच्या घड्या घालतेय. हातात त्यांचा शर्ट. गाल ओले.

मी कधी रडले?

त्यांच्यापुढे धरला. ‘अहो, हा कधीचा?’ त्यांनी डावा हात सावकाश उचलला आणि माझा गाल पुसला. आत्ताही ओलाच होता.