इस्त्रीची झबली

३ मार्च, मंगळवार

साहेब ओकले. पुन्हा ओकले. मग हसले.

साहेब म्हणजे माझे चिरंजीव. अजून धड कूस वळता येत नाही, पण प्यायलेलं परत करण्यात एकदम चोख. आज माझा खांदा, उशी आणि पडदा. पडद्यापर्यंत कसं पोचलं ते देव जाणे!

शिवाय अंग. गाल लाल, गळा लाल, छातीवर आणि पाठीवर खरखरीत चट्टे. झोपेतसुद्धा उशीवर गाल घासतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक्झिमा आहे, मलम लावा, घाबरू नका. आणि ओकण्याबद्दल— "वजन वाढतंय, हसतोय, मग ओकू दे की. बसायला लागला की कमी होईल." ओकू दे की! त्यांच्या खांद्यावर ओकत नाही ना.

५ मार्च, गुरुवार

सासूबाईंनी निदान केलं. फी घेतली नाही, एवढाच काय तो फरक. "तुझं दूधच त्याला सोसत नाही गं." वर चेहरा असा, की जणू मी मुद्दाम नासकं दूध पुरवतेय.

मी दूध, दही, अंडी, शेंगदाणे सगळं सोडलं. चहा काळा. नवऱ्यानं सहानुभूती म्हणून माझ्यासमोर चॉकलेट खाणं बंद केलंय. आता तो बाथरूममध्ये खातो. रॅपर सापडलं.

७ मार्च, शनिवार

शेजारच्या काकू येऊन गेल्या. साहेबांना घ्यायला हात पुढे केले, मग गालाकडे बघून मागे घेतले. "लागण नाही ना होत?" नाही होत, काकू. तुमच्या चौकशीची होते मात्र, सगळ्या बिल्डिंगला.

जाताना म्हणाल्या, "कपड्यांना काय सुरेख वास येतोय गं!" तेवढं खरं आहे. आमच्या घरात साहेबांचे कपडे हा एकच विभाग सुरळीत चालतो, कारण तो सासऱ्यांकडे आहे. बाबांचं लाँड्रीचं दुकान होतं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बंद केलं, आणि मग दोन वर्षं नुसते खिडकीत बसून राहिले. साहेब आले, ओकायला लागले, आणि बाबा उठले! मागच्या गॅलरीत बादल्या मांडल्या, रबरी हातमोजे चढवले, आणि दार लावून घेतलं. आत कुणी जायचं नाही. संध्याकाळी झबल्यांची चळत बाहेर येते. इस्त्रीसकट. घड्या अशा, की झबलं घालायचं जिवावर येतं.

माझ्या ऑफिसच्या शर्टाला मात्र अजून कुणी इस्त्री केलेली नाही.

१० मार्च, मंगळवार

बाबांनी नातवाला आजवर एकदाही उचललेलं नाही. आज मुद्दाम म्हटलं, "बाबा, जरा धरता का? मी तोंड धुऊन येते." ते दोन पावलं मागे सरकले. पूर्ण बाह्यांचा कडक शर्ट, हात पाठीमागे. "तूच बघ, सूनबाई. मला कपडे वाळत घालायचेत." आणि गेले.

आलं लक्षात. डाग पडेल ना शर्टावर! आयुष्यभर लोकांचे डाग काढले, आता अंगावर कसा घेतील? मला राग आला. खरंच आला. धुतलेलं झबलं प्रिय आणि आतलं मूल नको, हा कुठला न्याय?

११ मार्च

चट्टे वाढले. काळा चहा घशाखाली उतरत नाही.

१४ मार्च, शनिवार

घरात बैठक झाली. म्हणजे सासूबाई बोलल्या, नवऱ्यानं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं आणि मी भांडी आपटली. ठराव असा— महिनाअखेर मी कामावर रुजू होणार, तेव्हा आत्ताच अंगावरचं तोडावं आणि डब्याचं दूध सुरू करावं. "एकदा बदलून तर बघू. त्याच्याच भल्यासाठी ना?" डब्याला माझी हरकत नाही. ऑफिसला गेले की लागेलच तो, दिवसा. पण माझ्या दुधावर ठपका ठेवून आणायचा?

नवऱ्याला म्हटलं, "तुला काय वाटतं?" म्हणाला, "तू म्हणशील तसं. पण आई म्हणतेय तर..." या माणसाला न्यायाधीश करायला हवं होतं. एकही खटला निकाली निघाला नसता.

लिहूनच टाकते. मला वाईट वाटतंय. पितापिता तो माझं बोट धरतो आणि वर बघतो. तो एक वेळ सोडला, तर दिवसभर मी नुसती पुसणारी बाई आहे. तेवढंही काढून घ्यायला निघालेत. मी म्हटलं, गुरुवारी डॉक्टरीणबाईंना विचारू. तोपर्यंत डबा घरात येणार नाही.

बाबा बैठकीत नव्हते. गॅलरीत होते. त्यांना काय, झबली पांढरीशुभ्र झाली की जग ठीक चाललंय.

१९ मार्च, गुरुवार

दवाखाना. सगळी वरात— मी, नवरा, सासूबाई. साहेब गेल्या गेल्या टेबलावर ओकले. पुरावा आपणहून सादर!

डॉक्टरीणबाईंनी त्याला उचललं आणि झबल्याजवळ नाक नेलं. "अरे वा, काय वास येतोय! कशात धुता?"

"साध्या साबणात," मी म्हटलं. "उन्हात वाळवतो."

"उन्हाला एवढा वास नसतो हो." मग झबल्याच्या गळ्याची पट्टी चिमटीत धरली. "आणि ही ताठ कशी?"

माझी नोकरी काय? विमा कंपनीत दावे तपासणं. गोदामाला आग लागली म्हणणाऱ्याकडे आदल्या दिवशी गोदामात काय होतं, हे मी पहिल्यांदा विचारते. आणि घरात इतके दिवस स्वतःच्या ताटात चोर शोधत बसले, अंगावरचं कापड सोडून! दिवसातून दहा वेळा ते झबलं चढवणारी मीच.

दूध? "आईचं दूध चालू राहू दे. तुम्ही काहीही सोडायची गरज दिसत नाही. आधी वासाचं सगळं बंद करा, मग बघू." सासूबाईंना अचानक भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता फार आवडला.

घरी आल्यावर गॅलरीचं दार वाजवलं नाही, उघडलं. बाबा बादलीपाशी वाकलेले. तीन बाटल्या ओळीनं. एकीत निळं, दोहोंत गुलाबी वासाचं पाणी, आणि भांड्यात पातळ केलेली खळ.

"बाबा, हे काय?"

"शेवटच्या खळबळण्याचं पाणी." केवढ्या अभिमानानं सांगितलं! "दुकानातलंच माप. आमचे कपडे गिऱ्हाईक डोळे मिटून ओळखायचं. त्या दिवशी शेजारची बाई आली ना, तिनं हात मागे घेतला. मी बघितलं. म्हटलं, माझ्या नातवाजवळ आल्यावर कुणी नाक मुरडता कामा नये. ओकतो जास्त, म्हणून तेव्हापासून मापही जरा जास्त टाकतो."

दिवसभर लोकांचे दावे फेटाळणारी मी. हा एक फेटाळणं जड गेलं. पण सांगितलं. यानंच त्याचं अंग चिडतंय म्हणून. एवढंच, बाकी काही नाही.

त्यांनी बाटल्यांना टोपणं लावली. नीट, एकेक.

२० मार्च

दुधाचा चहा!!! दोन कप. सासूबाईंनी स्वतः करून दिला. माफी अशीच मागतात आमच्याकडे, आलं किसून.

२४ मार्च, मंगळवार

सगळी झबली साध्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढली. मी आणि नवरा. त्याला पिळता येत नाही, पण सल्ले उत्तम देतो. झबली आता चुरगळलेली आणि बिनवासाची. अंगाला मात्र उतार आहे. छाती बरीच मऊ झाली. गाल अजून लाल. आणि ओकणं? जोरात चालू! त्यावर म्हणे वाट बघणं हेच औषध.

बाबा रुसलेत. गॅलरी रिकामी. पुन्हा खिडकीत बसतात, हात खिशात. हाक मारली तर "हं" म्हणतात. आता सासऱ्यांचीही समजूत मीच काढायची का? साहेब काय कमी आहेत?

२६ मार्च

"बाबा, साध्या पाण्यात तुम्हीच धुवा ना. आम्हाला जमत नाही." खरंच जमत नाही.

मान हलवली. नको.

२९ मार्च, रविवार

दुपारी बाबा दारात येऊन उभे राहिले. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. या घरात आल्यापासून मी ते हात पहिल्यांदा असे समोर, नीट पाहिले. लाल, खरखरीत, बोटांच्या पेरांना भेगा. साहेबांच्या पाठीसारखे. फक्त म्हातारे.

"लहानपणापासून आहे. दुकानात वाढलं," ते म्हणाले. "सूनबाई, खरं सांग. माझं नाही ना लागलं त्याला? मी एकदाही हात लावला नाही गं. झबल्यांनासुद्धा मोजे घालूनच."

मी काही समजावत बसले नाही. साहेबांना उचललं आणि त्या हातांत दिलं.

साहेब लगेच ओकले. कॉलरपासून खिशापर्यंत.

बाबांनी संध्याकाळपर्यंत शर्ट बदलला नाही.