पेरलेली परात

सटर क्रीक, कॅलिफोर्निया
शनिवार, १४ सप्टेंबर २०१९

प्रिय मारिएल,

पार्सल जड लागलं असेल. आतला डबा आणि पाकीट एवढ्यात उघडू नकोस, आधी हे वाच. तुझ्या बापाला गोष्ट शेवटाकडून सांगितलेली खपत नाही, हे तुला माहीत आहेच. आणि अक्षर बघून दचकू नकोस. दारू सोडून मला अकरा वर्षं झाली. जाड काळ्या पेनानं लिहितोय, कारण दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधोमध एक करडा डाग बसलाय. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघायला जावं नेमकं तेच गायब होतं. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला या महिनाअखेरपर्यंतच परवानगी दिली आहे, तीही दिवसाउजेडी आणि सावकाश. म्हटलं, शेवटची गाडी हाणायचीच आहे तर आपल्या नेहमीच्या रस्त्यावर हाणू. म्हणून तीन दिवस सुट्टीवर आलोय. आता मी निवृत्त माणूस, सुट्टी कसली आणि कशापासून, ते विचारू नकोस.

सहा वर्षांत तुझी सहा नाताळची कार्डं आली. सगळ्यांवर छापील नाव. मी ती फ्रिजवर लावली आहेत, एकाखाली एक. तक्रार करत नाही. मी तुझ्या जागी असतो तर कार्डसुद्धा पाठवलं नसतं.

आज सकाळी मोटेलच्या बाईनं विचारलं, "खोली दोघांची दिलीय हो तुम्हाला, दुसरे कुणी मागून येतायत का?" मी म्हटलं, "नाही, मी झोपेत लोळतो फार." ती हसली, मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. मी खाण्याची पेटी घेतली आणि गाडीत पुढच्या सीटवर ठेवली. या नव्या गाडीची एक खोड आहे. सीटवर जरा वजन आलं की पट्टा लावेपर्यंत कोकलत राहते. तेव्हा दिवसभर माझ्या शेजारी सॅलमीचं सँडविच आणि दोन पीच पट्टा लावून बसले होते. तुझ्या आईच्या जागेवर. एरवी मी यावरून दहा माणसं हसवली असती, पण गाडीत हसायला कोणीच नव्हतं, म्हणून तुला सांगतोय.

एकोणपन्नास नंबरच्या रस्त्यावर मी असा काही रमतगमत चाललो होतो की मागे लाकडाचा ट्रक भोंगा वाजवून वाजवून थकला. जॅक्सनच्या वरच्या वळणावर थांबून सोन्याच्या खाणीचा तो मनोरा बघितला. डोकं तिरपं करून, कोंबडीसारखं एका डोळ्यानं बघावं लागतं हल्ली. माझे आजोबा त्याच मनोऱ्याखालून लोखंडी पाळण्यात बसून जमिनीत उतरायचे, आणि आयुष्यभर खणून त्यांनी घरी काय आणलं, तर खोकला. तुला ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल आणि दर वेळी ती खाण शंभर फूट खोल गेली असेल. तुझी आई म्हणायची, "आल्विन, आता थांब, नाहीतर पलीकडे चीनमधून बाहेर पडशील." पाहुण्यांसमोर म्हणायची नाही. पाहुणे असले की टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ. माझी एकही थाप त्या बाईच्या लाथेशिवाय गेली नाही.

रस्त्याकडेच्या पितळी पाट्या आठवतात तुला? तुझी आई प्रत्येक पाटीपाशी गाडी थांबवायला लावायची आणि मोठ्यानं वाचायची. इथं अमुक साली आग लागली, इथं तमुक साली फाशी दिली. तू आणि मी मागे उभं राहून जांभया द्यायचो. आज मी सवयीनं प्रत्येक पाटीपाशी थांबलो आणि प्रत्येक पाटीच्या मधोमध तो करडा डाग. मोकलमी हिलला एक दाढीवाला मोटारसायकलवाला उभा होता, दंडावर कवटी गोंदलेली. त्याला म्हटलं, "बाबा रे, एवढं वाचून दाखवतोस का?" त्यानं हेल्मेट काढलं, घसा खाकरला आणि शाळेत धडा वाचावा तशी अख्खी पाटी वाचली. मग म्हणाला, "काका, पुढच्या वळणावर अजून एक आहे. येऊ का तिथं?" आणि आला की पठ्ठ्या! दोन पाट्या वाचून गेला. तो गेल्यावर मी गाडीत बसून बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. मारिएल, मला फार एकटं वाटतं गं. घरात वाटतं ते वेगळं, त्याची सवय झाली. पण जिथं आपण तिघं उभे होतो तिथं एकट्यानं उभं राहणं म्हणजे कठीणच.

जिथून मी तेव्हा सोन्याचे कण घ्यायचो ते दगडांचं दुकान आता आइस्क्रीमचं झालंय. एक पोरगी म्हणाली, "सोनं नाही आजोबा, पण सोनेरी मध घातलेलं आहे, देऊ?" घेतलं. वाईट नव्हतं.

दुपारी आपल्या ओढ्यावर गेलो. डोव्ह क्रीक. लाकडी पुलाच्या खाली, जिथं पाणी खडकाला वळसा घालतं तिथं. सप्टेंबर असल्यानं पाणी घोट्याएवढंच. पुलापाशी एक आजोबा आणि त्यांची सात-आठ वर्षांची नात, गुलाबी बूट घातलेली, परातीत ओढ्याची रेती घोळवत सोनं शोधत बसली होती. पोरगी कंटाळली होती. "आजोबा, यात नुसती घाण आहे." आजोबा म्हणाले, "अगं, सोनं काय हाक मारल्यावर येतं का? हलव अजून. ती बघ, तिकडे खार!" पोरीनं मान वळवली, आणि म्हातारबुवांनी खिशातून हात काढून परातीवर सोन्याच्या कणांची चिमूट सोडली. मीठ घालावं तशी. सोडता सोडता त्यांनी मला बघितलं आणि डोळा मारला. मीही मारला. आमच्याकडे याला परात पेरणं म्हणतात, आणि या डोंगरात असा एक बाप किंवा आजा नसेल ज्यानं ती कधी पेरली नाही. मग जी किंकाळी उठली! पोरगी पाण्यात नाचायलाच लागली, गुलाबी बूट भरले, आजोबा म्हणत होते, "अरे बापरे, खरंच की! मला तर चाळीस वर्षांत मिळालं नाही!"

तू दहा वर्षांची होतीस. चौऱ्याऐंशीचा ऑगस्ट. तुझ्या परातीत मसुराएवढा सोन्याचा खडा निघाला, एका बाजूला पांढरी गारगोटी चिकटलेली. तू ओरडली नाहीस. नुसतं "पपा" म्हणालीस, हलक्या आवाजात. त्या दिवसापासून तू घरात दगड आणायला लागलीस, आंघोळीच्या टबात, आईच्या पिठाच्या डब्यात, सगळीकडे दगड. मग कॉलेज, मग अलास्का, मग भूशास्त्राची प्राध्यापकीण. आणि गळ्यात साखळीत तो खडा. तुझ्या मुलाखती यायच्या त्यात तू दर वेळी तेच सांगायचीस की हे सगळं एका ओढ्यात सुरू झालं. आई कात्रणं कापून ठेवायची.

आणि मग आईला पुरून आलो त्या दिवशीचं चर्चच्या हॉलमधलं जेवण. सगळे लोरेनाच्या आठवणी सांगत होते. कोणी म्हणालं, मारिएलची बुद्धी आईची. कोणी म्हणालं, चिकाटी आईची, हात आईचे. मग तुझा मामा मला कोपरानं ढोसून म्हणाला, "आणि आल्विन, तुझं काय उचललं रे पोरीनं? कान?" सगळा हॉल हसला. तिसऱ्या तासाला पहिल्यांदा हसला. आणि मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "कान? अहो, ही प्राध्यापकीण मी बनवली! तो खडा मी दुकानातून आणला होता आणि हिनं डोळे मिटले तसा परातीत टाकला!" टेबलं बडवून हसले लोक. तू हसली नाहीस. साखळी काढलीस, माझ्या रॅव्हिओलीच्या ताटलीशेजारी ठेवलीस आणि म्हणालीस, "मग हे तुमचं आहे, पपा." संध्याकाळच्या विमानानं गेलीस. माझे फोन तू उचलले नाहीस, आणि खरं सांगतो, दुसऱ्या वर्षापासून मी करायचेही बंद केले. काय बोलणार होतो?

आता ते बोलतो. गेल्या महिन्यात चर्चला जुने कपडे द्यायला काढले. माझं मासेमारीचं जुनं जाकीट हाताला लागलं, कोपरं फाटलेलं. आतल्या खिशाचं बटण सोडलं तर एक करंगळीएवढी बाटली. पाकिटात तीच आहे, आता उघड. वर दुकानाची चिठ्ठी आहे, चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टची. आत चार कण आहेत, पापणीच्या केसाएवढे. बुचावर मेण आहे, आणि मेण फुटलेलं नाही. मारिएल, मी त्या दिवशी तुझी परात पेरलीच नाही. पेरणार होतो. तुझ्याकडे पाठ करून मेणात नख खुपसत होतो आणि ते मेलं निघत नव्हतं. आईला खुणेनं काडेपेटी मागितली. ती पर्समध्ये शोधत होती तेवढ्यात तू "पपा" म्हणालीस. खडा दुकानातला नव्हता. तुझा होता. ओढ्यानं तुला दिला. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, मला आणि तिला, आणि तिलाच आपण सकाळी पुरून आलो होतो. त्या जेवणात पहिल्यांदाच टेबलाखालून लाथ मारायला कोणी नव्हतं. सगळे तुझ्यात आईला शोधत होते, मला वाटलं, माझंही थोडं काही असू दे. म्हणून तुझी गोष्ट चोरली.

आणि ज्याला सगळं गाव थापाड्या म्हणून ओळखतं, त्यानं फोन करून "ती थाप होती" म्हटलं तर ती आणखी एक थाप. बंद बाटली म्हणजे पुरावा नव्हे, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण तू बाराव्या वर्षी जेवताना आम्हाला शिकवलं होतंस की प्रत्येक ओढ्याच्या सोन्यात चांदी वेगवेगळी असते, मिसळही वेगळी, आणि यंत्राला ते कळतं. मी तेव्हा मक्याचं कणीस खात होतो, पण ऐकत होतो. म्हणून आज मी परात नेली होती. त्या आजोबांनी पेरलेलं माझ्यात यायला नको म्हणून पुलाच्या वरच्या अंगाला चांगली दोनशे पावलं गेलो. चार तास गुडघ्यावर बसलो. सोनं मला समोरून दिसतच नाही, परात वाकडी धरून डोळ्याच्या कडेनं बघावं लागत होतं. तीन कण मिळाले. डब्यात काळ्या रेतीत आहेत, शिंकू नकोस. त्यांच्याखाली कापसात तुझा खडा आहे. तुझ्या यंत्राखाली एकमेकांशी ताडून बघ. जुळलं तर साखळी पुन्हा घाल, आणि तुझी गोष्ट सांगत जा, पूर्वीसारखी. मला एक ओळ लिहिलीस तर मोठ्या अक्षरात लिही. नाही लिहिलीस तरी चालेल. नाही, ही पुन्हा थाप झाली, चालणार नाही. पण तो खडा तुझा आहे, तो कुणी दिलेला नाही, एवढं तुला कळायला हवं होतं. मी त्या दिवशी काही केलं नव्हतं, बाळा. मी नुसता तुझ्या शेजारी उभा होतो.

तुझाच, आणि या वेळी अक्षरही न वाढवता,
पपा