बाबा मला मॅडम म्हणाले

शनिवार, घरी आल्यावर

ऑफिसच्या ग्रुपबरोबर आज संध्याकाळी पर्यटकांच्या जहाजातून खाडीत फिरून आले. जहाज जुन्या गलबतासारखं बांधलंय, शिडं नुसती दिखाऊ, चालतं इंजिनवर. बाबा तिथे कामाला आहेत हे ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नाही. आज त्यांची पाळी नसेल, असं मी उगाच धरून चालले होते.

पण बाबा खलाशाचा फेटा बांधून, दोर धरून उभे होते. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या नेहाने मला ओढून त्यांच्याजवळ उभं केलं. "चाचा, एक फोटो." मी गप्प. का गप्प बसले? बाबा हातभर बाजूला सरकले. म्हणाले, "मॅडम, सांभाळून. फळी ओली हाय."

मॅडम. याच खाडीत त्यांनी मला पोहायला शिकवलं.

आत्ता जेवताना विचारलं, "मला मॅडम का म्हणालात?"

"तू वळख दिली न्हायस. मंग मी कशी देऊ?" रागाने नाही, कालवण वाढून घेता घेता म्हणाले.

नेहाने तो फोटो ग्रुपवर टाकलाय. मी त्याखाली 'हे माझे बाबा' असं लिहून पाठवलं. तिचा लगेच मेसेज आला, मग तिथे का नाही बोललीस?