उजव्या कुशीचे हुक

४ मार्च
देव पावला! एका नाट्यगृहाच्या कपडेपटात शिवणकाम मिळालं, वरच्या मजल्यावर खोली आणि धाकट्या बहिणीलाही इथंच काम. जादूगार मास्तर हयातभर एकच खेळ करत आलेत. पेटीत बाई जाते, पेटी रिकामी दिसते, दार पुन्हा उघडलं की बाई हजर. धाकटीने नुसतं आत जायचं आणि बाहेर यायचं. म्हटलं, काहीच न करण्यात तुझा हात कोण धरणार! दिवसभर गाल फुगवून बसली. मास्तरांच्या बायको तिकिटं विकतात. डावखुऱ्या आहेत, सदा हसतमुख.

६ मार्च
धाकटीचा निळा झगा तयार झाला. हुक डाव्या कुशीला घेतले, उजव्या हाताने लावायला सोपे पडतात. असल्या खेळात सारख्या दिसणाऱ्या दोन मुली लागतात, म्हणजे झगेही दोन, एवढी अक्कल मलाही आहे. दुसऱ्याचं कापड मागितलं तर मास्तर म्हणाले, एकच पुरे. मग पुसायच्या निमित्ताने पेटी आतून चाचपली. चोरदार नाही, एक फळी सरकेल तर शपथ. पडदा ओढणारे काका म्हणाले, आपण बरं नि आपलं काम बरं.

९ मार्च
पहिला खेळ झाला. काय टाळ्या! धाकटी जाताजाता माझं शिवणाचं पितळी अंगुस्तान पळवून बोटात घालून गेली, शकुनाचं म्हणून. हसतच बाहेर आली. अंगुस्तान आतच राहिलं म्हणे.
झगा इस्त्रीला घेतला तर हुक उजव्या कुशीला. टाके माझेच, पण सगळे उलट्या अंगाने. मला चष्मा लागला बहुतेक.

११ मार्च
चष्मा नव्हे. धाकटी डाव्या हाताने जेवते. तिचा तीळ दुसऱ्या गालावर गेलाय. मुद्दाम तिचा कंगवा लपवला. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज गोड हसली आणि मला शिंपीणबाई म्हणाली. माझी बहीण मला ताई म्हणते, तेही रागावली नसेल तर. मला हिची भीती वाटते.

१२ मार्च
कपडेपटातला जुना पेटारा उपसला. मागच्या सगळ्या मुलींचे झगे. एकूण एक हुक उजव्या कुशीला.
दुपारी रंगमंचावर कोणी नव्हतं. पेटीतून आवाज आला, धातूचा लाकडावर. घाईघाईने, मग थांबून, पुन्हा घाईघाईने. धाकटी न्हाणीघराचं दार असंच ठोकते.
उघडली. रिकामी.

१३ मार्च
मास्तरांना धरलं. रडले. लग्न झाल्यावर पहिल्याच खेळात त्यांनी स्वतःच्या बायकोला आत पाठवलं होतं. बाहेर आली ती ही तिकीटवाली. तेव्हापासून दर खेळाला कोणाला तरी आत घालतात, एखाद्या दिवशी आपली बाहेर येईल म्हणून. एकदाही आली नाही. मग माझी का पाठवलीत, मी ओरडले. म्हणाले, आशा वेडी असते.

१५ मार्च
ठोकणं मंद झालंय. मी हाक मारली की थांबते — ऐकते — मग पुन्हा —
उद्या मीच जाणार. झगा शिवलाय, हुक डाव्या कुशीला. परत येणं नाही, ठाऊक आहे. पण ती आत एकटी —

१६ मार्च
खेळ छान झाला. आता अगदी बरं वाटतंय. या हाताने अक्षर किती सुबक येतं! धाकटी शेजारीच आहे. आम्ही मुळीच भांडत नाही.
पेटीत आता दोघी ठोकतात. एक वरून, एक पार खालून. एकमेकींना सापडल्या नाहीत वाटतं. शिंपीणबाई तर फारच —